ओठाला लावण्यापुरता बोझो

बुरुल कोचकोर गावाहून नारिन शहराला भाड्याची व्हॅन चालवायची. नवऱ्याला दारूनं नेलं, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही ती आपला पेला पालथा घालून ठेवी. लेकीबाळींना एकटं पाठवायचं असलं की लोक तिचीच गाडी शोधत.

त्या सकाळी घाटाखालच्या चौकीवर तरुण पोलिसानं दारू तपासायचं यंत्र पुढे केलं. तिनं निर्धास्तपणे फुंकलं. दिवा लाल.

"एजे, काय घेतलंय?" त्यानं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं विचारलं.

"काही नाही. चहासुद्धा नाही."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

"यंत्राचं मला ठाऊक नाही. आज बाजाराचा, तुमचे खिसे भरायचा दिवस आहे, एवढं ठाऊक आहे."

तो चिडला. "लायसन्स जाईल. मग बाजार काय नि काय."

लायसन्स गेलं तर घरात दुसरी मिळकत नव्हती. "ही नळी कुणाची उष्टी? नवी लाव."

त्यानं तिच्यासमोर नवं पाकीट फोडलं. पुन्हा लाल.

पुढच्या सीटवरचा कुबान हळूच म्हणाला, "मघाशी गाडी जरा घसरलीच होती."

"बर्फावर घसरली, बायके," ती दादा म्हणावं तसं म्हणाली.

"असेल. नवऱ्याची सवय लागते कधीकधी बाईला."

मागची एक तरुण आई मुलाला घेऊन खाली उतरली.

तेवढ्यात मांडीवर कॅन घेऊन बसलेल्या बातमा आपा म्हणाल्या, "अगं, आत्ता माझ्या दारात ओठाला लावलंस ना?"

आपांचं घर चौकीच्या अलीकडच्या वळणावर. त्यांना घ्यायला गाडी थांबवली, तेव्हा त्या वाडगा घेऊनच बाहेर आल्या होत्या. वाडग्यात बोझो, राळ्याचं आंबवलेलं पेय; त्याला कुणी दारू म्हणत नाही. बुरुलनं उभ्याउभ्या एक घोट घेतला होता. दारातला घोट कोण मोजतं?

"म्हणजे प्यायलीच," पोलीस म्हणाला.

"तुझी आई पाहुण्याला कोरड्या तोंडानं जाऊ देते का रे?" आपांनी विचारलं.

त्यानं टोपी सरळ केली.

"जे आहे ते तोंडातच आहे. मी चूळ भरते, थोडी थांबते आणि पुन्हा फुंकते," बुरुल म्हणाली. "तेव्हाही लाल आला तर किल्ली तुझी."

चूळ भरून ती थंडीत गाडीच्या पायरीवर बसून राहिली. ती तोंडात काही टाकत नाही ना, यावर त्याचा डोळा. यंत्र खिशात जात नाही ना, यावर तिचा. आणि काचेआडून कुबानचा दोघांवर.

या वेळी दिवा हिरवा, आकडा शून्य. पोलिसानं यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

"जा."

"आधीचे आकडे?"

"ते यातच राहतात. हाही राहील."

"मग सगळ्या आकड्यांचा फोटो घेऊ दे." तिनं घेतला, आणि नीट आला का तेही पाहिलं.

ती स्टिअरिंगवर बसली तसं कुबाननं नाक किंचित पुढे केलं. बुरुलनं तोंड त्याच्याकडे वळवून लांब श्वास सोडला. "घ्या, पोटभर हुंगून घ्या." तो खिडकीकडे वळला.

"ये गं, बस," तिनं खाली उतरलेल्या आईला हाक मारली. बाईनं मुलाची टोपी कानांवर ओढली आणि मागून येणाऱ्या गाडीला हात केला.