कावळा शिवला ते बिस्किट

बार्शीच्या स्टँडवर एसटी लागली तशी माझी बायको म्हणाली, "अहो, तिकडं अमेरिकेत आपलं कोण आहे?" मी म्हणालो, "पोरगा आहे की. आणि सहा महिन्यांत तुला माघारी आणतो. शब्द आहे माझा." सगळी भावकी ऐकत होती. चौथी शिकलेला माणूस मी, पण शब्द फिरवणारा नव्हे.

भावकीतल्यांनो, त्याला कैक वर्षं झाली. इथं बॉथेलला आधी तिचा गुडघा, मग तिचं हार्ट. दर वेळी तिकीट कॅन्सल केलं. गेल्या वर्षी ती इथंच गेली. अस्थी मी हट्टानं ठेवून घेतल्या, गावच्या नदीत सोडायला.

तिला इथली व्हॅनिला वेफर फार आवडायची. नाव वेफर, पण पिवळ्या खोक्यातलं लहान गोल बिस्किट. त्यात अंडं असतं. मी खोकं कचऱ्यात टाकलं, तर तिनं दुसरं आणवलं. चहात बुडवत म्हणायची, "अंडं दिसतंय का कुठं? तुम्ही बसा सोवळं घेऊन." मी आजवर चाखलेलं नाही.

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. घरामागच्या लाकडी ओट्यावर, इथं त्याला डेक म्हणतात, पान वाढलं. इथं कावळे चिक्कार, कठड्यावर रांग लागली, पण एक शिवेना. तिचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. हात जोडून म्हणालो, "तुला गावी नेतो गं." कावळा हलला नाही. दोनदा म्हणालो. पोरगा म्हणाला, "बाबा, पावसात भिजताय, आत चला ना."

तेवढ्यात सूनबाई ते पिवळं खोकं घेऊन आली. "बाबा, रागावू नका, आईंना आवडायची," म्हणत तिनं पानावर बिस्किटं ठेवली. "श्राद्धाला अंड्याचं?" म्हणून मी ओरडेपर्यंत कावळा बिस्किट घेऊन उडाला.

पोरांना बरं वाटलं. "तुझ्या आईचा जीव गावात आहे," म्हणून पोराशी मी किती भांडलो. तो जीव माझा होता. ती इथं केव्हाच रमली होती, फक्त मला बोलली नाही. बोलली असती तर मी ऐकलं नसतं, हे तिला माहीत होतं.

आता तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येताय. गावच्या नदीत अस्थी सोडल्या तर तिला परमुलखात टाकून आल्यासारखं होईल. इथं सोडल्या तर मला गावाकडं यायला कारण उरत नाही. कपाटात अस्थींचा तांब्या आहे. सध्या माझं घर तेवढंच.