फोटोच्या कडेला

भावानं इंदापुरात घर बांधलं. वास्तुशांतीला आम्ही बारामतीहून गेलो होतो. जेवणं उरकल्यावर सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं. अंगण लहान, माणसं भरपूर. भाची कंपाउंडला पाठ टेकून उभी राहिली तरी सगळे मावेनात. मग तिनं मोबाइलवर काहीतरी बदललं आणि म्हणाली, "आता आले सगळे." मी भांडी आवरून उशिरा आले होते, म्हणून टोकाला उभी राहिले.

परतताना एसटीत तो फोटो घरच्या ग्रुपवर आला. मधली माणसं छान दिसत होती. माझं तोंड मात्र आडवं पसरलेलं, दंड कोहळ्याएवढा. खाली मामेभावानं लिहिलं होतं, 'ताईला बारामतीचा ऊस मानवला.' त्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे. मीही एक हसरा चेहरा टाकला आणि मोबाइल पर्समध्ये कोंबला. शेजारी नवरा डुलक्या घेत होता. जागा झाल्यावर तोही हा फोटो बघणार, या विचारानं मला घाम फुटला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी नवऱ्याला लाजत होते.

त्या दिवसापासून मी रात्रीचं जेवण सोडलं. भाचीच्या साखरपुड्याला गेले, पण फोटो सुरू झाले की काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जायचे. भावजय बोलवायला आली तेव्हा म्हटलं, "तुम्ही घ्या काढून, माझे हात खरकटे आहेत." हात कोरडे होते.

पाहुणे गेल्यावर आईनं मला तिच्या खोलीत बोलावलं.

"माझ्यावर रुसलीस व्हय गं? फोटोत शेजारी हुबी ऱ्हायली न्हाईस."

मी आधी काहीबाही सांगितलं. मग रडूच आलं. मोबाइल काढून तिला तो फोटो दाखवला. "कशी दिसते बघ मी."

तिनं मोबाइल लांब धरून पाहिला. "ह्यो व्हय? ह्यो तर मी भिंतीला लावलाय."

मी वळून पाहिलं. खाटेच्या वर फ्रेम होती. दुसऱ्या टोकाला खुर्चीवर आई बसलेली. वास्तुशांतीच्या आधीच आजारपणात ती पार वाळली होती, पण फोटोत गाल भरलेले, हात गुबगुबीत.

"अंग धरल्यावानी दिसतीया न्हवं?" ती म्हणाली. "येईल त्याला दावती."

इतके दिवस मी तो फोटो मोठा करकरून बघत होते, ते फक्त स्वतःला. आई त्यात कुठं बसलीय, हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं. तिच्याकडं मान वर करून बघवेना.

भाची दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. मी तिच्याजवळ गेले. "आत्या, माझंच चुकलं," ती कुजबुजली. "जागा कमी होती म्हणून वाइडवर काढला. त्यात कडेची माणसं ताणली जातात."

"आजीला सांगू नकोस," मी हळूच म्हटलं.

मग तिनं आम्हा दोघींचा साधा फोटो काढला. त्यात मी आहे तशीच होते, आणि आईच्या गळ्याची हाडं दिसत होती. आईनं तो बराच वेळ पाहिला.

"ह्यो नगं," ती म्हणाली. "त्योच बरा हाय."