डाव्या बाजूचा अँप्लिफायर

विनू गेला, हे मला त्याच्याबरोबरच्या ड्रायव्हरच्या फोनवरून कळलं. सकाळची पाळी हिंजवडीत सोडून तो चहाला टेकला आणि बसल्या जागीच गेला. मी शाळेच्या ऑफिसात कुणाचा तरी दाखला लिहीत होते. तो पूर्ण केला, शिक्का मारला आणि मग निघाले. लोकांना हे विचित्र वाटतं. पण समोर पालक उभे होते. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले.

विनू माझा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. येरवड्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, कंपनीची बस चालवायची नोकरी, आणि स्वतःची म्हणून एक जुनी छोटी गाडी. आई माझ्याकडे, वारज्याला. दर रविवारी येऊन तो तिला फिरवून आणायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याला त्या गाडीत चांगला आवाज बसवायचं खूळ लागलं. खिसा बेताचा, म्हणून सगळं जुन्यातलं आणि एकेक करून. डाव्या स्पीकरला एक अँप्लिफायर, उजव्याला दुसरा, मागच्या बेसच्या खोक्याला तिसरा. बिलाच्या पाठीवर आकृती काढून तो मला समजवायचा आणि मी भाजी निवडत हं हं करायचे. तीन कशाला, एक घे चांगलासा, असं मी म्हटलं तर म्हणाला, एकात काम होत नाही. का होत नाही, ते सांगितलं नाही. तिन्ही जोडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की बॅटरीला तो भार पेलवत नाही. ढोलाचा ठोका पडला की पुढचे दिवे मिणमिणायचे.

"दिवाळीची माळ लावलीस का रे?" मी विचारलं.

"लोकांना वाटतं, मी डिपर देतोय. रस्ता सोडतात ताई," तो म्हणाला.

असा तो. राग यायचा नाही त्याला. मला यायचा. खरं सांगायचं तर शेवटची दोन वर्षं मी त्याच्याशी धड बोलत नव्हते, आणि हा लेख त्यासाठीच लिहितेय.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. शाळा, घर, तिचं अंथरूण, रात्रीची उठबस... मी पार थकले होते. तिचे रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं त्याच्या गाडीतून परतत होतो. तो गाडी चालवत होता, मी शेजारी. गाणं चालू होतं, ते मी बंद केलं. माझा आवाज एरवी शाळेच्या मैदानापर्यंत जातो, पण हे बोलताना मी समोर रस्त्याकडे बघत होते आणि आवाज निघत नव्हता. "विनू, आईला सहा महिने तुझ्याकडे ने. मला आता झेपत नाही." तो काहीच बोलला नाही. पुढे बघत राहिला. सिग्नल सुटला, त्यानं हात पुढे केला आणि गाणं परत लावलं.

मी पुन्हा विचारलं नाही. नाही म्हणायचं तर तोंडानं म्हण, एवढीही किंमत दिली नाही, हे मनात धरून बसले. तो रविवारी फळं घेऊन यायचा. मी पिशवी घ्यायचे आणि आत जायचे. ताई, हल्ली बोलत का नाहीस, असं त्यानं दोनतीनदा विचारलं. "बोलून काय उपयोग," म्हटलं मी. यावरही तो हसला होता.

तो गेल्यावर गाडी विकायची ठरली. घेणाऱ्याला ती यंत्रं नको होती, म्हणून ज्यांनी ती जोडायला मदत केली होती त्या रफिकभाईंकडे गाडी नेली. येरवड्यातच त्यांचं वायरिंगचं दुकान आहे. सीटखालचे अँप्लिफायर सोडवताना ते म्हणाले, हा डावा बघा, उजव्याच्या दुप्पट ताकदीचा आहे, आणि शेवटपर्यंत वाढवलेला. मी विचारलं, चुकून झालंय का? त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं ना? चार वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं नाही?"

रफिकभाईंनी त्याला कानाचं मशीन घ्यायला सांगून पाहिलं होतं. विनूचं उत्तर होतं की मशीन दिसेल आणि बस हातची जाईल. खरंच गेली असती का, ठाऊक नाही. त्यानं कुणाला विचारलंच नाही. फक्त आपल्या गाडीत, दार लावून, दोन्ही बाजूंनी सारखं ऐकू यावं एवढी सोय करून घेतली. आणि आपल्याकडे ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा माणूस त्याच्या डाव्या कानाशी असतो.

मी रफिकभाईंना थांबवलं. सोडवलेलं परत जोडायला सांगितलं. गाडी विकली नाही. तसा वापरही आहे, आईला डॉक्टरकडे न्यावं लागतं.

परवाच्या रविवारी तिला घेऊन निघाले. ती मागे बसली, ड्रायव्हरच्या बरोब्बर पाठीशी. पुढे बस म्हटलं तर म्हणाली, सवय झालीय, इथून त्याच्या चांगल्या कानात बोलता यायचं. मी गाडी बाजूला घेतली आणि उभी केली. तिला माहीत होतं. त्यानं शपथ घातली होती म्हणे, बसची. मग मी तिला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. मी काय मागितलं, तो कसा गप्प राहिला, मी काय समजले.

शेजारून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं त्याला. इथून."

त्यानं नेलं असतं का, हे मी तिला विचारलं नाही. तीन जिने होते, तिला चढवले नसते. पण तो नाही म्हणाला नव्हता. एवढंच मला कळलं, आणि ते सांगायला आता त्याच्या कुठल्याच बाजूला बसता येत नाही.