मर्सी डोनची तरंगती दोरी

ब्रूस्टर गावाला ओहोटीत समुद्र मैलभर मागे हटतो आणि नुसती वाळू उरते. मर्सी डोन शाळेची बस चालवायची आणि सुट्टी मिळाली की त्या वाळूवर पट्टेवाल्या बास माशाच्या मागे लागायची. तिला पोहता येत नव्हतं, पाण्याची तर धास्तीच होती. पण बास भरतीबरोबर उथळ पाण्यात चरायला येतो आणि तिथे गळाला तरंगती दोरीच हवी. ती दोरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायची, प्रवाहाने तिला मध्ये आलेला फुगवटा गळाच्या काठीने अलगद उचलून वर टाकायचा, की टोकाला आमिष म्हणून बांधलेला पिसांचा मासा खऱ्यासारखा वाहत जातो. नवरा ओरिन मात्र हट्टाने बुडती दोरी वापरी. तिची दोरी म्हणजे पाण्यावर वाळत घातलेला कपडा, असं सगळ्या गावाला सांगत फिरे.

जूनमधल्या त्या सकाळी मासे पाहून ओरिन मर्सीला अलीकडे सोडून, ओहोटीने उथळ झालेला चर ओलांडून पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर गेला. भरती लागली तरी परतेना. आणि धुकं आलं. मर्सीला स्वतःचे गुडघे दिसेनात. इथली भरती आधी मागचा चर भरते, हे दोघांनाही पाठ होतं, पण समोर मासा असला की माणूस विसरतो.

तिने हाक मारली. ओरिनचा आवाज आला, पण धुक्यात तो चहूकडून आल्यासारखा वाटत होता. किनारा कुठे तेच कळत नाही, म्हणाला.

"दोरी पाण्यावर टाक," ती ओरडली. "जाईल तिकडे चालत ये. भरती किनाऱ्याकडेच जाते."

"माझी तळाला जाऊन बसलीय, मर्सी."

तिने स्वतःच्या दोरीचा टोकाचा बारीक धागा कापला, कारण तो माणसाच्या हातात टिकला नसता, आणि आवाजाच्या रोखाने जाड दोरी फेकली. रिकामीच परत आली. थोडी डावीकडे फेकली. पुन्हा रिकामी.

तेवढ्यात ओरिनचा आवाज बंद झाला. तिने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, उत्तर नाही. बुडाला, असंच तिला वाटलं. तोंडातल्या तोंडात देवाचं नाव चाललं होतं, तरी ती पुढे सरकत गेली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. फेकायची, ओढायची, पुन्हा फेकायची. मागे सरकलं तर दोरी पोचणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

आणि दोरी जड झाली.

"खेचू नकोस," धुक्यातून तो म्हणाला. "नुसती धरून ठेव."

दोरी हातोहात धरत, निम्मा पोहत तो तिच्यापाशी पोचला. मग तिने दोरी पाण्यावर मोकळी सोडली आणि ती वाहील तिकडे दोघं चालत राहिले, पायाखाली शेवाळलेले दगड लागेपर्यंत.

किनाऱ्यावर मर्सीचे दात वाजत होते. "ओ का देत नव्हतास?" तिने विचारलं.

ओरिन बुटातलं पाणी ओतत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तुझा आवाज जवळ येत होता. म्हटलं, गप्प राहिलो तर मेलो समजून परत जाशील."

मर्सीने त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, मग दुसरा, आणि तिथेच त्याला मिठी मारून ती भोकाड पसरून रडली.