विलायती आटा

परवा एका गॅरेजात घासलेटचा वास आला आणि उद्यमनगरातलं ते लेथचं दुकान आठवलं. बाबांच्या जुन्या विलायती एअर पिस्तुलाचा एक स्क्रू हरवला होता, म्हणून लहानपणी मी आणि बाबा तिथं गेलो होतो. त्याआधी बाबांना न सांगता मी घरातला एक स्क्रू त्यात बळजबरीनं पिळून पाहिला होता. लेथवाल्या चाचांनी भिंगातून स्क्रूच्या भोकात पाहिलं, मग माझ्याकडं. पिस्तुलाचा दुसरा स्क्रू काढून ते त्याला आटे मोजायच्या गेजचं एकेक पातं लावू लागले. एकही बसेना. "ह्यो आपल्याकडचा आटा न्हाय. जुन्या विलायती रेडिओत असायचा, त्यातला हाय," म्हणत त्यांनी जुन्या स्क्रूंचा डबा उपसून एक बारका स्क्रू काढला आणि नुसत्या बोटांनी फिरवला. दोन फेऱ्यांतच तो अडला. "आत कुणीतरी जोर केलाय की," चाचा म्हणाले. "कुणी?" बाबांनी विचारलं. "मी," मी कसंबसं म्हणाले. चाचांनी तेल सोडून, स्क्रू मागंपुढं करत, दुखावलेला आटा हळूहळू मोकळा केला. मग बाबांनी पेचकस माझ्याच हातात दिला. "आवळ. अडंल तिथं थांबायचं." आता बाबा नाहीत, पिस्तूल माझ्याकडं आहे. तो स्क्रू मी अजून एकदाही सोडवलेला नाही.