हुल्डा आत्या समुद्र रंगवते

आजोबा नदीच्या कोरड्या पात्रात निलगिरीच्या सावलीला बसून जलरंगात चित्रं काढायचे. हुल्डा आत्या पाद्र्यांच्या मिशनच्या धुलाईघरातून सुटली की त्यांना पाण्याची बरणी नेऊन द्यायची आणि तिथेच वाळूत फतकल मारून बसायची. तेव्हा आमच्यात, या वाळवंटातल्या मूळ रहिवाशांत, चित्रं पुरुषच काढायचे. आजोबांनी तिला काही शिकवलं नाही, तिनेही विचारलं नाही.

एका हिवाळ्यात आजोबांची बोटं आखडली. आकाशासाठी कागद ओला केला आणि ब्रश हातातून गळून पडला. ओला कागद कोणासाठी थांबत नाही. आत्याने ब्रश उचलला आणि निळा रंग एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढला, खाली येता येता फिकट करत नेला.

आजोबा बघतच राहिले. "कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी? कधी?"

"अकरा वर्षं झाली."

आजोबा खोकला लागेपर्यंत हसले. "बरं. आजपासून आकाश तुझं, टेकडी माझी."

पुढची चार वर्षं त्यांची चित्रं दोघांच्या हातची होती. घेणाऱ्यांना पत्ताही नव्हता.

आजोबा गेले आणि आत्याने रंगांचा डबा बंद केला. दोन वर्षं उघडला नाही. शेवटी तिचा नवरा एबरहार्ट वैतागला. गुरांमागे आयुष्य घालवलेला माणूस, समजूत काढणं त्याला कुठलं जमायला! एके सकाळी त्याने गाडीत पाणी, पीठ, चहा आणि तो डबा टाकला.

"बस गाडीत. तुझ्या बापाच्या मुलखात जायचंय."

"कशाला?"

"इथे दिवसभर माझ्यावर खेकसतेस, तिथे टेकडीवर खेकस."

मीही माझं तान्हं घेऊन गेले. पहिल्या दिवशी आत्या टेकडीकडे बघून नुसती रडली. दुसऱ्या दिवशी तिने ती रंगवली. निखाऱ्यांत कांगारूची शेपटी भाजता भाजता एबरहार्टने मान वाकडी करून पाहिलं.

"टेकडी जरा जाड झालीय."

"तुझ्या पोटाकडे बघून काढली," आत्या म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खळखळून हसली.

त्यानंतर ती थांबली नाही. पन्नाशीत तिच्या चित्रांचं सिडनीला प्रदर्शन भरलं. बरोबर मी होते. वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याने तिला बंदरावर नेलं आणि म्हणाला, "आता हा समुद्र काढा."

"हे पाणी कोणाचं?" आत्याने विचारलं.

"म्हणजे? सगळ्यांचं."

"असं कसं? मी माझ्या बापाचा मुलूख काढते. दुसऱ्याचा विचारल्याशिवाय कसा काढू?" आणि समुद्राकडे पाठ करून ती आपली टेकडी काढत बसली. बघ्यांची ही गर्दी जमली.

गर्दीतून एक पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. "मी आयरीन. आम्ही इथलेच, गोरे यायच्या आधीपासून या पाण्याचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय. काढ गं बाई, खुशाल काढ."

आता आत्याची पंचाईत झाली. तिने समुद्र आयुष्यात पहिल्यांदा त्याच दिवशी पाहिला होता. तरी वळली आणि भिडली. तासाभराने आम्ही तिघी कागदावर वाकलो.

"आत्या, ही तर आपली वाळू झाली," मी म्हटलं. "नुसती निळी."

"पाणी हलत राहतं गं, मेलं एका जागी बसतच नाही!"

आयरीन हसून हसून खालीच बसली. "दे मला. माझ्या स्वयंपाकघरात लावते." लावलंही. त्या संध्याकाळी तिने आम्हाला मासे खाऊ घातले आणि पहाटेपर्यंत दोघी आपापल्या नातवंडांच्या तक्रारी करत होत्या.

आता आत्या एकोणऐंशीची आहे. दर गुरुवारी आम्ही नऊ जणी गाडीत दाटीवाटीने बसून टेकड्यांकडे चित्रं काढायला निघतो आणि पुढची जागा तिची असते. गेल्या गुरुवारी माझ्या लेकीने घाई केली, ओल्या आकाशावरच झाड काढलं आणि खोड पसरलं.

"आकाश वाळू दे की आधी!" आत्या ओरडली. मग कागद हातात घेऊन तिने ते खोड निरखलं. "राहू दे गं. मस्त जाडजूड झालंय. दुसरं काढ याच्या शेजारी."