ठराव नामंजूर

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, "भाऊ, मी काहीच केलं नव्हतं, आपोआप झालं." आपोआप काही होत नसतं, हे सांगण्यावरच माझं घर चालतं. त्यामुळं खालचं वाचून माझी गिऱ्हाइकं हसणार, हे गृहीत धरलंय.

दुसरी अडचण अशी, की हा अनुभव ज्यांच्यामुळं आला ते माझे मामा याबाबतीत माझ्याहून पक्के होते. आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्याकडं देवऋषी, अंगारे, भुतंखेतं हा विषयच बंद. मामा तर म्हणायचे, "आत्मा नाय, भूत नाय. काय झालं त्याचं कारण शोधा, सापडंल." म्हणजे मेल्यावर मामांना भूत होऊन यायचंच असतं, तर आधी स्वतःचीच मतं बदलून घ्यावी लागली असती... आणि मतं बदलणाऱ्यातले ते नव्हते.

मामा ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले आणि डिंभ्याला धरणाजवळच्या घरात राहायला आले. वेळ जाईना म्हणून गाणी लिहायला लागले. स्वतः चाल लावायची, हेडफोनच्या माइकवर स्वतःच म्हणायची. कॉम्प्युटर अर्थातच मी बसवून दिला. मोतीबिंदूमुळं त्यांना बारीक दिसायचं नाही, म्हणून स्क्रीनचं रिझोल्यूशन त्यांनी आठशे बाय सहाशेवर आणून ठेवलं होतं. अक्षरं एवढी मोठी की अंगणातून वाचावीत. मी गेलो की मला ते बघवायचं नाही. कॉम्प्युटरवाल्या भाच्याच्या मामाचा स्क्रीन असा? मी गुपचूप फुल एचडी करायचो.

मामांच्या लेखी रिझोल्यूशन म्हणजे ठराव. आयुष्यभर तेच लिहिले होते ना. चष्मा वर करून म्हणायचे, "काय मिलिंदराव, सभेपुढं न मांडता ठराव बदलला? नामंजूर!" आणि जुनं परत आणायचं बटण दाबायचे. माउस चालवायची त्यांची एक तऱ्हा होती. तो सरकवायचे नाहीत, उचलून पुढं ठेवायचे... परत उचलून पुढं. शेवटी क्लिक असा, की कागदावर शिक्का मारला.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. रिझोल्यूशन बदललं की विंडोज विचारतं, हे ठेवायचं की जुनं परत आणायचं? आणि आकडे उलटे मोजायला लागतं. तेवढ्यात कुणी उत्तर दिलं नाही, तर ते जुनंच परत आणतं. नव्या सेटिंगमध्ये स्क्रीन काळा झाला तर माणूस अडकू नये म्हणून ही सोय.

गेल्या वर्षी मामा गेले. त्याच्या आधीच त्यांचा मोबाइल धरणाच्या पाण्यात पडला होता. म्हणजे गाणी राहिली ती फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये. पहिल्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी होता. मामींनी मला बोलावून सांगितलं, "फोटूला हार घालनारच हाय. पन फोटू बोलत न्हाई ना. त्यांचा आवाज लावायचा मला, मिलिंद. सगळ्यांनी ऐकायला पायजे."

बघितलं तर मॉनिटर गेलेला. टीव्हीला जोडावं म्हटलं तर केबल दुकानात. म्हटलं, सगळंच जुन्नरला नेतो. मोटरसायकलला मॉनिटर बांधला, कीबोर्ड-माउस पिशवीत घातले. तेवढ्यात मामींनी तांदळाचं पोतं आणलं. नाही म्हणता येईना. पोतं बसवलं, चहा झाला आणि मी निघालो.

घरी बायकोनं पोतं उतरवून घेतलं आणि विचारलं, "डबा कुठंय?"

मी म्हणालो, "जेवूनच आलोय."

"तो नाही हो... कॉम्प्युटरचा!"

सीपीयूच्या जागेवर तांदूळ आला होता. म्हणजे ज्यात गाणी तो नग डिंभ्यात, आणि ज्यांचा काही उपयोग नाही ते नग माझ्यापुढं. शिवाय दुसऱ्या दिवशी क्लचची वायर तुटली आणि एसटीचा भरवसा नाही. पण मामा सारखे फोन करायचे म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर मी रिमोटचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. इथं बसून तो कॉम्प्युटर चालवता येत होता. मामींना फोन केला, बटण दाबायला सांगितलं. "लाइट लागली बघ," म्हणाल्या आणि त्या परड्यात शेंगा वाळत घालायला गेल्या.

भर दुपार होती. दुकानात येणेरे गावचे एक पाव्हणं लॅमिनेशनसाठी थांबले होते. मी जोडलं. माझ्या रुंद स्क्रीनच्या मधोमध मामांचा चौकोनी स्क्रीन आला, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, अक्षरं ढब्बू. मॉनिटर जोडलेला नसला की बरेचदा असंच होतं. त्यात नवल नव्हतं.

डेस्कटॉपवर दोन फोल्डर होते. 'प्रलंबित' आणि 'निकाली'. प्रलंबित उघडलं, तर अर्धवट गाणी. दोन ओळी, खोकला, मागं कोंबडा, "थांब गं जरा," आणि बंद. एकही गाणं पुरं नाही. मला वाईट वाटलं, पण म्हटलं हे तर हे, मामींना आवाजाशी मतलब. इकडं घ्यायला सगळ्याची एक झिप फाइल करायला लागलो तर तिकडचा कॉम्प्युटर म्हणाला जागा शिल्लक नाही. बघतो तर 'निकाली'नं सगळी जागा खाल्लेली.

निकाली... म्हणजे निकालात काढलेलं. फसलेली रेकॉर्डिंग, दुसरं काय असणार? उघडूनही बघितलं नाही. साफसफाईच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फोल्डर टाकलं, कायमचं पुसण्यावर खूण केली. पण त्या सॉफ्टवेअरची खिडकी उंच आणि बटण अगदी तळाला. आठशे बाय सहाशेच्या स्क्रीनमध्ये ते खाली कडेच्या बाहेर गेलेलं. वर सरकवावं तर खिडकी सरकेना. म्हटलं, रिझोल्यूशन वाढवू.

वाढवलं. स्क्रीन पसरला, काळे पट्टे गेले. हे ठेवायचं का, म्हणून विचारणा आली. मी क्लिक करायच्या आत स्क्रीन परत चौकोनी.

नेट हळू असेल. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आणि आकडे संपून नव्हे बरं का... नुकते मोजायला लागले होते.

तिसऱ्यांदा करताना समोर चहा आला. मी वाढवलं आणि दोन्ही हातांनी कप धरून नुसता बघत बसलो. बाण हलला. थोडा पुढं गेला, थांबला. परत थोडा पुढं, परत थांबला. जुनं परत आणायच्या बटणावर गेला, आणि स्क्रीन चौकोनी झाला.

पाव्हणं म्हणाले, "भाऊ, तुमचे हात तर कपाला हायेत. मंग ह्ये कोन चालवतंय?"

"तिकडनं कुणीतरी," मी म्हणालो. म्हणालो आणि माझी नजर काउंटरखालच्या पिशवीकडं गेली. तिकडचा माउस त्या पिशवीत होता.

मला भीती वाटली असं लिहिलं तर खोटं ठरेल. मला राग आला. मामींच्या घरी कुणी पोरंटोरं शिरली असतील म्हणून फोन लावला.

"मामी, कॉम्प्युटरला कोण हात लावतंय?"

"कोन लावनार बाबा? मी परड्यात हाय, घराला कडी हाय. अन् लावायला ठिवलंयस काय तू? डबा सोडून समदं तर तूच नेलंस, अन् वर तांदूळ बी."

"तसं नाही... मी रिझोल्यूशन वाढवतोय, ते परत परत कमी होतंय."

मामी हसल्या. "ठराव व्हय? मंग नामंजूर केला आसंल त्यांनी. कसला ठराव मांडला व्हतास?"

"काही नाही हो, कचरा काढत होतो. निकाली म्हणून एक फोल्डर आहे, ते पुसायचंय..."

"निकाली!" मामी अगदी त्यांच्याच ठेक्यात म्हणाल्या. "गानं पुरं झालं की सैपाकघरात येऊन तसंच वराडायचे. निकाली! चहा टाक! लई चहा पाजलाय मी त्या निकालीपायी..."

पुढं त्या काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. ग्रामसेवकाच्या दप्तरात निकाली म्हणजे काम पुरं झालेलं. टाकून दिलेलं नव्हे. ही भाषा मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकलेली होती... आणि तरी.

साफसफाईची खिडकी बंद केली. फोल्डर उघडलं. ओळीनं गाणी, सगळी पुरी. एक लावलं. दुकानात मामांचा आवाज आला, खर्जातला, शेवटी जरा फाटणारा. गाणं संपल्यावर क्षणभर शांतता, मग त्याच आवाजात, "हं. निकाली." फोन चालूच होता. पाव्हण्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग मामांच्या कॉम्प्युटरमधली मीच टाकलेली नको ती सॉफ्टवेअरं काढून जागा केली. सगळी गाणी इकडं घेतली, पेनड्राइव्हवर घातली, आणि बायकोच्या मोबाइलवरही. माझ्या मोबाइलवर माझाच भरवसा नाही.

सगळं झाल्यावर मला गप्प बसवेना. खोड जित्याची. पुन्हा फुल एचडी केलं. विचारणा आली, आकडे उलटे पडायला लागले. मी हात मागं घेतले आणि खुर्चीला टेकून बसलो. आता कुणी उत्तर दिलं नाही तर नियमानं ते जुनं व्हायला हवं. बाण जागचा हलला नाही. आकडे संपले, विचारणा गेली.

आणि स्क्रीन तसाच राहिला. मोठा, कडेपर्यंत.

"मामी," मी फोनवर म्हणालो, "ठराव पास झाला."

"एकमतानं?"

"मी तर मतच दिलं नाही."

"मंग एकमतानंच की," त्या म्हणाल्या, आणि शेंगा राखायच्या राहिल्यात म्हणून फोन ठेवला.

अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॉनिटर नसताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर असं करतो, रिझोल्यूशन टिकत नाही. पटलं. मग बाण? नेट अडखळलं की बाण अडखळत दिसतो. तेही पटलं, फक्त अडखळायला आधी तो कुणीतरी हलवावा लागतो. आणि शेवटी उत्तर न देता रिझोल्यूशन टिकलं कसं, म्हटल्यावर सरांनी चष्मा पुसला आणि तांदूळ कुठला होता ते विचारलं.

रविवारी डिंभ्याला मामांची गाणी लावली. प्रत्येक गाण्यानंतर तो आवाज म्हणायचा, "निकाली," आणि लोक रडता रडता हसायचे. मामी पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. मामांचा कॉम्प्युटर आता मॉनिटरसकट जागेवर आहे. त्याचं रिझोल्यूशन मी आठशे बाय सहाशेच करून ठेवलंय, मामींनाही हल्ली बारीक दिसत नाही.

कारण शोधा, सापडेल, असं मामा म्हणायचे. मी शोधतोय. माझ्याकडं हे प्रकरण अजून 'प्रलंबित'मध्येच आहे.